विनादंड निघून जाण्याचा हक्क

आमच्या ब्रॉडबँडचा भाव मुदतीच्या मध्येच तीन पौंडांनी वाढला आणि त्याचा शेवट आमचं पुढचं दार बिजागऱ्यांसकट उखडण्यात झाला. दार उखडलं पोलिसांनी. यात पोलिसांची काही चूक नव्हती हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या पॅडिहम गावात या प्रकरणाच्या तीन-चार निरनिराळ्या हकिकती फिरताहेत आणि त्यांतल्या एकीत तर मी मेलोय.

भाव वाढल्याचं पत्र मार्चमध्ये आलं. कंपनीचं नाव नॉर्थलाइट. करार दोन वर्षांचा, आणि जाहिरातीच्या कागदावर तळहाताएवढ्या अक्षरांत 'भाव कायम' असं छापलेलं. पत्र मोठं प्रेमळ होतं. 'प्रिय नॉर्मन' अशी सुरुवात. ज्याला आपल्याकडून जास्त पैसे हवे असतात तो आपल्याला पहिल्या नावानं हाक मारतो, असा माझा अनुभव आहे. आमचा बँक मॅनेजर मला वीस वर्षं 'मिस्टर हॅस्लम' म्हणायचा आणि एक दिवस एकदम 'नॉर्मन' म्हणाला, त्याच महिन्यात शाखा बंद झाली. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं: ही वाढ मान्य नसल्यास तीस दिवसांच्या आत, कोणताही दंड न भरता, करार सोडून जाण्याचा आपल्याला हक्क आहे.

असली पत्रं लिन बघायची. लिन म्हणजे माझी बायको. ती ऑक्टोबरमध्ये गेली. कुठल्याही कंपनीचं असं पत्र आलं की ती चहाचा मग घेऊन जिन्याच्या पायरीवर बसायची, फोन लावायची, समोरच्या माणसाच्या आईची तब्येत विचारायची आणि मग हळूच म्हणायची, "बरं तर, मी निघते हं बाळा. दुसरीकडे जाते." की तिकडून विनवण्या सुरू. चहा संपायच्या आत भाव पहिल्यापेक्षा खाली आलेला असे. लोक बिंगो खेळायला जातात तशी ती फोनवर बसायची. मी स्वयंपाकघरातून ऐकायचो. सगळं ऐकून ऐकून आपल्यालाही ते येतं, असा माझा समज झाला होता.

शेजारी बॅरी ऑग्डेन राहतो. निवृत्त बसड्रायव्हर. त्याला पत्र दाखवलं.

"विनंती करायची नाही," बॅरी म्हणाला. "धमकी द्यायची. सोडून जातो म्हणायचं. ते लगेच तुला 'नका हो जाऊ' खात्याकडे देतात."

"असं खातं असतं?"

"असतं तर! तिथं निवडून निवडून रडवे लोक भरलेले असतात."

समोरच्या मिसेस एंटविसल हे रस्त्यापलीकडून ऐकत होत्या. त्या सगळंच रस्त्यापलीकडून ऐकतात. "फोनबिन करू नका, मिस्टर हॅस्लम," त्या म्हणाल्या. "लेखी द्या. माझ्या भावानं गॅस कंपनीला लेखी दिलं होतं."

"मग काय झालं?"

"तो वारला. पण लेखी होतं."

आता खरं सांगायचं तर मला इंटरनेटचं फारसं काम नाही. हवामान बघतो आणि अधूनमधून लिनच्या फोटोंच्या पानावर जाऊन परत येतो. पण हल्ली घरचा फोनही इंटरनेटच्या त्याच डबीतून चालतो, आणि त्या फोनवर रोज संध्याकाळी सहाला माझी सासू फोन करते.

सासूबाईंचं नाव विनिफ्रेड. वय ब्याण्णव. मोरकमला समुद्रासमोर एकटी राहते. आधी हा फोन लिनसाठी यायचा. लिन गेल्यावरही तो सहाला यायचा थांबला नाही, फक्त उचलायला मी उरलो. आम्ही एकमेकांवर प्रेमबीम करत नाही. ती माझ्या चुका काढते, मी हो म्हणतो, मग ती 'बरं, ठेवते' म्हणते. पण साडेपाच वाजले की मी रेडिओ बारीक करतो, एवढं खरं. तिला आमचा एकच नंबर येतो, आणि तोही डोक्यात नाही, बोटात आहे. तोंडी विचारला तर सांगता येत नाही. माझ्या मोबाइलचा नंबर दिला तर म्हणाली, "शून्य-सातनं सुरू होतो तो काय नंबर असतो? तो भामट्यांचा असतो."

तेव्हा कंपनी मला सोडायची नव्हती. फक्त सोडतो असं म्हणायचं होतं.

मी चहाचा मग घेऊन पायरीवर बसलो. चहा गार होऊन गेल्यावर पलीकडून कॅलम नावाचा एक कारकून बोलायला आला. मी आधी त्याच्या आईची तब्येत विचारली. तो गोंधळला. म्हणाला, बरी आहे. मग मी घसा साफ केला आणि म्हणालो, "या भावानं मला परवडत नाही. मी सोडून जाईन म्हणतो."

"काही हरकत नाही, नॉर्मन," कॅलम म्हणाला. "तुमचा तो हक्कच आहे. दंड काहीही पडणार नाही."

मी रडव्या खात्याची वाट पाहिली. तिकडून फक्त टायपिंगचा आवाज येत होता.

"म्हणजे, अगदी गेलंच पाहिजे असं नाही," मी म्हणालो.

"छे छे, नॉर्मन, आम्ही तुम्हाला मुळीच अडवणार नाही. आमचं धोरणच आहे ते. कधीपासून बंद करू? आजही करता येईल."

इथं मी म्हणायला हवं होतं की बाबा, मी थाप मारत होतो. पण इतक्या सभ्य माणसाला तोंडावर कसं सांगणार, की मी तुला फसवायला फोन केला होता? आमच्याकडे माणूस चुकीच्या बसमध्ये चढला तर शेवटच्या थांब्यापर्यंत जातो, पण ड्रायव्हरला तसदी देत नाही. बॅरीच्या बसमध्ये एक बाई अशी ब्लॅकपूलला गेली होती. माझ्या तोंडून निघालं, "तुमच्या सोयीनं करा."

"उद्या दुपारी चालेल?"

"उत्तम," मी म्हणालो. "फार आभारी आहे."

फोन ठेवल्याबरोबर एका यंत्रानं विचारलं की कॅलमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल. त्या मुलाचं माझ्यामुळे काही वाईट व्हायला नको, म्हणून मी दहा दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबीवरचा हिरवा दिवा गेला. मी तडक मोबाइलवरून फोन केला आणि सांगितलं की काहीतरी गैरसमज झालाय. नवीन बाई म्हणाल्या, "गैरसमज कसा? तुम्ही दहा दिलेत." आणि आमचा नंबर? तो ठेवण्याचाही मला हक्क होता. मात्र तो नवीन कंपनीनं मागून घ्यायचा. मी लगेच एक नवीन कंपनी गाठली; ती म्हणाली, तो जुन्या कंपनीनं सोडायचा. जुनी म्हणाली, आम्ही सोडलाय. नवीन म्हणाली, आमच्याकडे आलेला नाही. लवादाकडे जाण्याचा हक्कही होता, पण आधी दोन महिने कंपनीकडे तक्रार करत बसल्याशिवाय लवाद दार उघडत नाही. इतके हक्क मला सबंध आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

आणि सहा वाजत आले.

मी मोबाइलवरून मोरकमला फोन लावला. एका पुरुषी यंत्रानं सांगितलं, "या घरी अनोळखी फोन घेतले जात नाहीत. नमस्कार." ही लिनची करामत. एका भामट्यानं सासूबाईंना, त्या तळमजल्यावर राहत असूनही, छपरावरची सौर पॅनेलं जवळजवळ विकलीच होती. तेव्हा लिननं तिच्या फोनला एक डबी जोडून दिली. डबीला माहीत असलेलेच नंबर आत जातात, बाकीच्यांना नमस्कार. नवा नंबर ओळखीचा करायचा तर मोरकमला जाऊन डबीवरचं बटण दाबावं लागतं. मी बॅरीच्या घरून लावून पाहिला. नमस्कार. कोपऱ्यावरच्या लाल फोनबूथमध्ये गेलो तर तिथला फोन कधीच काढून नेलाय, लोकांनी नको झालेल्या कादंबऱ्या आणून ठेवल्यात.

तुम्ही म्हणाल, उठून मोरकमला का नाही गेलास? जाणारच होतो. पण नवीन कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी 'सकाळी आठ ते संध्याकाळी सहा यांच्या दरम्यान' येणार होता. ज्यानं ही वेळ काढली त्याला घर नसावं. म्हणून मी पत्र लिहिलं: आई, फोन बिघडलाय, मी बरा आहे, काळजी करू नये. आणि त्यावर स्वस्तातलं, सावकाश जाणाऱ्या दुसऱ्या वर्गाचं तिकीट लावलं. काटकसर म्हणून नव्हे. पहिल्या वर्गाचं पाकीट बघितलं की ती घाबरते, तिच्याकडे पहिल्या वर्गानं फक्त वाईट बातम्या येतात. दुसऱ्या वर्गाचं पत्र कधी पोचतं हे टपालखात्यालाही सांगता येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाजही झाला होता.

गुरुवारी माणूस आला नाही. शुक्रवारी येईल म्हणाले. मिसेस एंटविसल आपल्या खिडकीतून मला 'आला का?' अशा खुणा करत होत्या. दिवसभर खांदे उडवून उडवून माझे खांदे दुखायला लागले, म्हणून मी पुढच्या खोलीचे पडदे ओढून घेतले. आमच्या गल्लीत दिवसाउजेडी पुढचे पडदे ओढलेले असण्याचा अर्थ एकच असतो: घरात कुणीतरी गेलंय. ऑक्टोबरमध्ये मी स्वतः ते ओढले होते. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दोन संध्याकाळी मी सहा वाजता त्या मेलेल्या फोनपाशी उभा होतो. तिकडे ती आपल्या भिंतीवरच्या फोनपाशी उभी असणार, बोटं नेहमीसारखी फिरवत असणार, आणि तिला काय ऐकू येत असेल ते मला ठाऊक होतं. तिला एकच मुलगी होती. आता मीही उचलत नव्हतो.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या दारानं पाच मिनिटांसाठी बॅरीकडे गेलो. त्याच्या संगणकावर, आमचा माणूस कुठवर आलाय ते नकाशात दिसतं म्हणे. दिसला. त्याची गाडी एका पबबाहेर उभी होती. ती हलते का हे आम्ही बघत असतानाच बाहेर धाडकन आवाज झाला.

"कुणाचं तरी दार गेलं," बॅरी म्हणाला.

मी बाहेर येऊन पाहिलं तर आमचं दार घरातल्या बोळात आडवं आणि त्यावर एक तरुण पोलीस बाई उभी, आवाज देतेय, "मिस्टर हॅस्लम! ऐकू येतंय का?"

"येतंय," मी तिच्या मागून म्हणालो.

ती केवढ्यानं तरी दचकली. कॉन्स्टेबल अख्तर तिचं नाव. मोरकमच्या एका आजीबाईंनी फोन केला होता, की माझा जावई दोन दिवस फोन उचलत नाही, तो मेलाय, निदान दार तरी उघडा. दार वाजवलं तर कुणी नाही. समोरच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कालपासून पडदे ओढलेले आहेत.

"मी फक्त जे दिसलं ते सांगितलं," रस्त्यापलीकडून मिसेस एंटविसल म्हणाल्या. त्यांनी दुखवट्याचा काळा कोट घातलेला होता. घाईघाईनं घातल्याचं दिसत होतं.

"माफ करा हं," मी कॉन्स्टेबल बाईंना म्हणालो. आपलं दार मोडणाऱ्याची आपणच माफी मागायची, ही आमची रीत.

"जिवंत आहात हे महत्त्वाचं, काका. आजींना कळवते लगेच." तिनं फोन लावला, ऐकला, आणि तिचा चेहरा बदलला. "मला नमस्कार करतोय कोणीतरी."

मी डबीचं सांगितलं. तिनं मोरकमच्या ठाण्याला सांगितलं. ठाणं म्हणालं, शुक्रवार आहे, गाड्या बाहेर आहेत, दोनेक तासांत कुणालातरी पाठवतो. दोन तास! ती ब्याण्णव वर्षांची बाई तिथं खुर्चीत बसून, पोलीस काय सापडल्याचं सांगतात त्याची वाट बघत होती. ऑक्टोबरमध्ये मीच तिला फोन केला होता. तो आवाज मी ऐकलेला आहे. मी मोडक्या दारावरच बसलो.

"डबीला कोण कोण चालतं?" कॉन्स्टेबल बाईंनी विचारलं.

"आम्ही. दवाखाना. चॅपल."

दवाखान्यानं सांगितलं की तुम्ही रांगेत चौदावे आहात. चॅपलचे धर्मगुरू सहलीला गेले होते.

"आणि ब्रायर्ली," मी म्हणालो. लिननं डबी जोडली तेव्हा सासूबाईंनी स्वतः हट्ट धरला होता, की बाकी कुणी आलं नाही तरी चालेल, मासेवाला आला पाहिजे. ब्रायर्लीचं तळलेल्या माशांचं दुकान आहे. दर शुक्रवारी तो तिला फोन करून विचारतो आणि दुकानातल्या पोरीबरोबर मासा घरी पाठवतो.

ब्रायर्लीनं फोन उचलला तेव्हा मागे तेल खळखळत होतं. "बोला! दोन कॉड, एक हॅडक, मटार कुणाचे? बोला!"

मी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे ब्रॉडबँडपासून. घाबरलेल्या माणसाला मधून सुरुवात करता येत नाही.

"थांबा हो," ब्रायर्ली म्हणाला. "हे मी नाही सांगणार. बाई मला खाऊन टाकतील. दुकानाच्या फोनवरून त्यांना लावतो आणि माझा मोबाइल त्याला चिकटवून धरतो. तुमचं तुम्ही बघा."

खूप खरखर झाली, मग लांबून तिचा आवाज आला. "आज मासा नको, ब्रायर्ली. घरात वाईट झालंय."

"आई, मी नॉर्मन."

तिकडे नुसतं तेल.

"नॉर्मन मेलाय," ती म्हणाली.

"नाही हो आई, मी जिवंत आहे. फोन बंद पडला होता."

"लाज नाही वाटत मेल्या? आजच्या दिवशी एका म्हातारीला फोन करून मेलेल्याचं नाव घेतोस? मला पॅनेलं नकोत!"

"आई, खरंच मी आहे!"

"तर मग सांग. लग्नानंतर लँडिडनोला गेलात तेव्हा काय झालं?"

हा प्रश्नही लिननंच शिकवून ठेवलेला. भामट्याला घरचं काहीतरी विचारायचं. पण विचारायला इतर कितीतरी गोष्टी होत्या. माझ्याकडे पोलीस बघत होते, बॅरी बघत होता, मिसेस एंटविसल रस्त्याच्या अलीकडे आल्या होत्या, आणि मोरकमला मासे घ्यायला आलेली रांग गप्प झाल्याचं मला इथून ऐकू येत होतं.

"मी गाढवावरून पडलो," मी म्हणालो.

"मोठ्यानं. तेलाचा आवाज आहे."

"मी गाढवावरून पडलो!"

"गाढव धावत होतं?"

"नाही."

"मग?"

"उभं होतं."

रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. कॉन्स्टेबल अख्तर आपल्या बुटांकडे बघत होती. तिकडून सासूबाईंनी नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"ब्रायर्ली," ती म्हणाली, "हॅडक पाठव. लहान नको."

त्याच वेळी नवीन कंपनीचा माणूस आला. दार पडलेलंच असल्यामुळे त्याला आत यायला सोपं गेलं. त्यानं नवी डबी बसवली, नवा नंबर दिला आणि म्हणाला, भाव दोन वर्षं कायम. फक्त दर एप्रिलला तीन पौंड वाढतील, पण ते आधीच लिहून दिलेलं आहे, त्यामुळे सोडून जायचा हक्क वगैरे काही नाही. मला फार बरं वाटलं. लगेच सही केली.

शनिवारी दाराला फळ्या ठोकून मी मोरकमला गेलो. लिनच्या अंत्यविधीपासून मी त्या घरी गेलो नव्हतो. सासूबाईंनी दार साखळीपुरतं उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि साखळी काढली.

"पाय पूस," ती म्हणाली.

मी डबीचं बटण दाबून नवा नंबर ओळखीचा केला. मग सांगितलं, की जुना नंबर गेला. कागद नाचवून काही उपयोग नाही, दोन महिन्यांनी लवादानं माझी बाजू घेतली तरी तो परत येईल असं कुणी म्हणत नाही. मला वाटलं आता ती माझे वाभाडे काढणार. ती खिडकीतून ओहोटीकडे बघत राहिली.

"तुमचं लग्न झाल्यावर मी त्या नंबरावर पहिल्यांदा फोन केला ना," ती म्हणाली, "तर पोरीनं उचलला आणि ऐटीत म्हणाली, 'हॅस्लम.' मी म्हटलं, माफ करा, चुकीचा लागला. आणि ठेवून दिला."

मी चहा ठेवायला उठलो.

"बस खाली. तो नवा नंबर सांग."

मी एकेक आकडा सांगत गेलो. ती भिंतीपाशी उभी राहून एकेक बटण दाबत गेली. चुकली, पुन्हा दाबला. मग तिनं फोन माझ्या कानाच्या बाजूला जरासा वाकडा धरला. पॅडिहमला, रिकाम्या घरात, फळ्या ठोकलेल्या दारामागे तो वाजत होता.

"कुणी उचलत नाही," ती म्हणाली.

"मी इथं आहे ना, आई."

"दिसतंय मला. गप्प बस. नीट वाजू दे."

आम्ही दोघं ऐकत राहिलो. मग तिनं फोन ठेवला आणि, माझ्याकडे न बघता, पहिल्या आकड्यापासून पुन्हा लावायला लागली.